शोकसभेत घरच्या माणसाला बोलू द्या

पुणे, नगर, नाशिक भागातल्या कुठल्याही मोठ्या गावी दशक्रियेला गेलात तर घाटावर साधारण सारखंच चित्र दिसतं. सकाळी आठ-साडेआठला मंडप भरलेला असतो. बुवांचं प्रवचन चालू असतं. क्षौर झालेली भावकीतली माणसं पिंडाजवळ बसलेली असतात, बायका दुसऱ्या अंगाला. प्रवचन संपलं की माईक सूत्रसंचालकाकडे येतो आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापती, झेडपीचे माजी सदस्य, येत्या निवडणुकीतले इच्छुक असे एकेक जण उठतात. गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर बघून घेतलं जातं आणि मग तीच वाक्यं येतात: अत्यंत मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, कधीही भरून न निघणारी पोकळी, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, माझ्या वतीने, संस्थेच्या वतीने, साहेबांच्या वतीने. मधेच कुणी मोठं माणूस आलं की त्यांच्या आगमनाची घोषणा होते. ज्या बाईने त्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला, ती हे सगळं पदर सावरत ऐकत असते. तुम्हाला काही बोलायचं आहे का, असं तिला कुणी विचारत नाही.

शहरातल्या शोकसभेत खुर्च्या बऱ्या असतात आणि भाषा जरा घासूनपुसून आलेली असते, एवढाच फरक. संस्थेचे अध्यक्ष बोलतात, सहकारी बोलतात, सोसायटीचे सेक्रेटरी बोलतात. घरच्यांच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं येतात, तीही आभारासाठी. जेवून जायचं आहे, हे सांगण्यासाठी.

ही भाषणं बंदच करावीत, असं म्हणणारे आता गावोगावी भेटतात. वेळ जातो, उन्हात लोक ताटकळतात, दुःखाच्या जागी राजकारण होतं, कावळा शिवायची वाट बघत घरचे उपाशी बसलेले असतात. त्यांचा त्रागा मला समजतो, पण उपाय पटत नाही. भाषणं बंद केली तर उरेल फक्त विधी आणि जेवण. जो माणूस गेला तो कसा होता हे चारचौघांत एकदा नीट सांगितलं जाण्याची एकुलती एक जागाही जाईल. भाषण ठेवावं, बोलणारा बदलावा, असं माझं म्हणणं आहे. शोकसभेत मुख्य बोलणं घरातल्या एका माणसाचं असावं, ते त्याने लिहून आणलेलं असावं आणि बाकीच्यांनी ते ऐकावं.

यात परकं काही नाही. गावाकडे मयताच्या दारी बायका हेल काढून रडतात, ते ज्यांनी कान देऊन ऐकलं असेल त्यांना ठाऊक आहे की त्या रडण्यात गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य असतं. कोणत्या दुष्काळात त्याने बैल विकला, कुणाच्या लग्नात कुणाशी अबोला धरला, लेकीला न्यायला पावसातून कसा आला, कोणती भाजी त्याला आवडायची, हे सगळं त्या रडता रडता त्यालाच उद्देशून सांगतात. कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्यात एकही वाक्य असं नसतं जे दुसऱ्या माणसाला लागू पडेल. घराच्या दारात हे बोलणं बायकांचं असतं. दहाव्या दिवशी तेच बोलणं घाटावर माईकपाशी पोचेपर्यंत पुरुषांचं झालेलं असतं आणि त्यातला माणूस हरवलेला असतो.

आपल्या भाषेतला शोकही मुळात असाच जवळचा आहे. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांचे अभंग आहेत. त्यात ज्ञानदेवांच्या थोरवीचं वर्णन आहेच, पण वाचणाऱ्याला धरून ठेवतो तो निवृत्तिनाथ. सगळ्या भावंडांचा गुरू, एरवी धीरगंभीर, तो तिथे कोसळतो. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावं, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ व्हावं, तसं झालं असं नामदेव सांगतात. आईबापांमागे चार भावंडांनी बांधून ठेवलेलं घर सुटत चाललं आहे, हे त्या दोन दृष्टांतांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही गौरवपर शब्दांनी कळलं नसतं. नामदेव हे लिहू शकले, कारण ते जवळ उभे होते.

जवळच्या माणसाने बोलावं याचं दुसरं कारण खरेपणाचं आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. लांबचा माणूस वाईट बोलू शकत नाही, म्हणून तो फक्त चांगलं बोलतो. आणि फक्त चांगलं बोललं की कुणाबद्दलच काही बोललं जात नाही. तापट, दारूत काही वर्षं घालवलेला, भावाशी कोर्टात भांडलेला माणूस शोकसभेत अजातशत्रू होतो. समोर बसलेल्या शंभर लोकांना खरं ठाऊक असतं. ते माना खाली घालतात आणि घरी जाताना एकमेकांत खरी गोष्ट बोलतात. म्हणजे सभेत कुणीतरी वेगळाच माणूस गेलेला असतो आणि बाहेर रस्त्यावर त्याची खरी आठवण निघते. घरच्यांना मात्र ती ऐकायला मिळत नाही.

‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन अशा वेळी हमखास पुढे केलं जातं. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम हे विभीषणाला म्हणतो ते रावणाचे अंत्यसंस्कार करावेत म्हणून. वैर संपलं, आता याचं क्रियाकर्म कर, एवढंच. रावण निर्दोष होता असं तो म्हणत नाही. त्याच कांडात मंदोदरीचा विलाप आहे. नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून ती त्याचं रूप, त्याचं बळ, त्याच्याबरोबरचे सुखाचे दिवस आठवते आणि त्याच ओघात म्हणते की पूर्वी तू इंद्रियं जिंकलीस आणि त्यांच्या जोरावर त्रिभुवन जिंकलंस. ते वैर लक्षात ठेवूनच जणू आता इंद्रियांनी तुला हरवलं. सीतेला परत दे, असं तिने सांगितलं होतं, तेही ती बोलून दाखवते. एवढं कठोर बोलूनही तिच्या प्रेमाबद्दल कुणाला शंका येत नाही. असं बोलण्याचा अधिकार त्या रणभूमीवर तिच्याइतका कुणालाच नव्हता.

न्यायमूर्ती रानडे 16 जानेवारी 1901 रोजी गेले. पुढे 1910 मध्ये रमाबाईंच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. रानड्यांवर तोवर कितीतरी गौरवपर लिहून झालं होतं. रमाबाईंनाही नवऱ्याबद्दल निस्सीम भक्ती होती, ती पानोपानी दिसते. तरी त्यांनी सांगितलं की विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, आणि ती मुलगी म्हणजे त्या स्वतः. नाराज झाल्यावर ते रागावत नसत, बोलणंच बंद करत, आणि ती न बोललेली रात्र काढणं किती अवघड असे, हेही त्यांनी लिहिलं. घरातल्या बायकांनी शिकण्यावरून केलेला छळ लिहिला. आज शंभराहून अधिक वर्षांनी रानडे आपल्याला माणूस म्हणून दिसतात ते बरेचसे या बाईमुळे. सभांमधल्या भाषणांनी त्यांचा पुतळा उभा केला असता, तेवढंच.

लांबच्याने, अगदी विरोधकानेही, बोलू नये असा याचा अर्थ नाही. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली आले आणि स्मशानात बोलले. दोघांचा उभा जन्म विरोधात गेला होता. काँग्रेसमध्ये जहालांना परत घेण्यावरून अगदी शेवटच्या आठवड्यांतही वाद चालू होता. टिळकांनी तिथे गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, आणि लोकांनी त्यांचं काम पुढे न्यावं असं सांगितलं. त्या शब्दांना वजन आलं ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला मतभेद माहीत होते म्हणून. टिळकांनी कधी गोखल्यांचं चिठ्ठीवरून नाव वाचलं नव्हतं. ज्याने त्या माणसाशी पंचवीस वर्षं झुंज घेतली तोही एका अर्थी जवळचाच. असा कुणी असेल तर त्याला जरूर बोलवावं. माझा आक्षेप आहे तो ज्यांचा गेलेल्या माणसाशी काहीच संबंध नव्हता त्यांच्याबद्दल.

आता बायकांबद्दल. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत याचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे नेतात ते विस्तवाचं मडकं, हाती धरलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या, असं चरित्रकार सांगतात. आज मुलींनी अग्नी दिल्याच्या बातम्या येतात, कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण अग्नी द्यायला मुलगी चालते आणि दहाव्याला वडिलांबद्दल बोलायला चुलता लागतो, हे मला समजत नाही. बोलणं हा विधी नाही. त्याला सोवळं नाही, शास्त्र आडवं येत नाही, कुणा गुरुजींची परवानगी लागत नाही. आडवी येते ती फक्त सवय.

ही सवय मोडलेले लोक आपल्यातच आहेत. बौद्ध घरांतल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांत त्रिशरण-पंचशील झाल्यावर आदरांजलीची भाषणं होतात. तिथे सुना, मुली, नातवंडं उठून बोलताना मी अनेकदा पाहिली आहेत. पुढारी तिथेही येतात आणि लांबवतातही. पण घरच्या बाईने माईक हातात घेणं तिथे कुणाला वेगळं वाटत नाही. रोमन कॅथलिकांत अंत्यसंस्काराच्या मिसेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, धर्मगुरूचं छोटं प्रवचन असावं, मृताची स्तुती नसावी, असा स्पष्ट नियम आहे. पण मिसा संपता संपता, अखेरच्या निरोपाआधी, घरच्या एखाद्याने थोडक्यात आठवण सांगायला मुभा आहे. स्तुतीला मनाई आणि घरच्याच्या आठवणीला जागा, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

आणि 2020-21 मध्ये तर सगळ्यांनीच हे अनुभवलं. अंत्यसंस्काराला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, असा नियम होता. पुष्कळांना तेवढीही मिळाली नाहीत. शोकसभा झूमवर झाल्या. लातूरची मावशी, ठाण्यातला पुतण्या, न्यू जर्सीतली मुलगी एका पडद्यावर आली. हार नव्हते, आगमनाच्या घोषणा नव्हत्या, पुढारी नव्हते. मग बोलणार कोण? घरचेच बोलले. अडखळत, माईक म्यूट राहून, मधेच रडून बोलले. त्या दिवसांत एरवी कधी न ऐकलेल्या गोष्टी लोकांनी आपल्याच माणसांबद्दल ऐकल्या. निर्बंध उठले, मंडप परत आले, आणि घरचे पुन्हा गप्प झाले.

माझ्या मामाच्या शोकसभेत त्याच्या धाकट्या मुलीने एक पानभर वाचलं होतं. मामा एसटीत कंडक्टर होता. ती म्हणाली, दादा निवृत्त झाले तरी घरातल्या नोटा एका बाजूला तोंड करून लावायचे, चिल्लर वेगळी बांधायचे आणि झोपण्याआधी दिवसाचा हिशेब वेबिलासारखा, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबपत्रकासारखा, वहीत उतरवायचे. भाजीचे दोन रुपये जुळले नाहीत तर दिवा बंद होत नसे. पुढे म्हणाली, दादा तापट होते, आईवर ओरडायचे, आम्ही पोरं तेव्हा गॅलरीत जाऊन उभी राहायचो. एका पावसाळ्यात आई आजारी पडली तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा चहा केला. आई बरी झाल्यावरही सकाळचा चहा त्यांनीच करायचा असं झालं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आईही बोलली नाही. आम्ही समजून घेतलं. एवढं वाचून ती बसली. चार मिनिटंही झाली नसतील. मामी समोरच होती, तिने मान हलवली. सभा संपल्यावर मामाबरोबर मुक्कामी गाडीवर जाणारा एक ड्रायव्हर मुलीपाशी आला आणि बराच वेळ तिला काहीतरी सांगत उभा राहिला. तिच्या वाचण्याने त्याचं तोंड उघडलं होतं. त्याच सभेत एका संस्थेच्या प्रतिनिधीने मामाला ‘दानशूर’ म्हटलं होतं. त्यावर कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही.

घरच्यांना दुःखात बोलणं जमणार नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच लिहिण्याचा आग्रह आहे. उत्स्फूर्त बोलायला गेलं की दुःखातला माणूस तयार वाक्यांकडे वळतो, कारण तीच जिभेवर असतात. लिहिताना थांबता येतं. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. जुने मित्र येतात, माहेरची माणसं येतात, सगळे गेलेल्याबद्दलच बोलतात. त्यातलं वहीत टिपून ठेवावं. लिहायला बसलात की गुण आठवू नका, गोष्टी आठवा. सकाळी उठून पहिलं काय करायचे, कोणतं वाक्य सारखं तोंडात असायचं, कशाची भीती होती, कुणाचं ऐकायचे, हट्ट कसला, शेवटपर्यंत जमलं नाही ते काय. ‘प्रेमळ होती’ असं लिहिलंत तर थांबा आणि कशावरून ते लिहा. मग ‘प्रेमळ’ काढून टाकता येतं. पाच मिनिटांना पाचशे शब्द पुष्कळ झाले. ते मोठ्या अक्षरात कागदावर काढा, कारण मोबाईलचा पडदा ऐन वेळी काळा होतो आणि डोळ्यांत पाणी असताना बारीक अक्षर दिसत नाही. आवाज फुटला तर पुढचं वाचायला एक माणूस शेजारी उभा ठेवा. पुतण्या, सून, मैत्रीण, कुणीही.

हल्ली मोबाईलला सांगितलं की तो श्रद्धांजलीही लिहून देतो. भाषा गुळगुळीत असते, व्याकरण बरोबर असतं. पण वेबिलासारख्या वहीची गोष्ट त्याला ठाऊक नसते, आणि ती तुम्ही सांगितल्यावर बाकीची वाक्यं त्याच्याकडून घ्यायची गरजच उरत नाही. या एका लिखाणात भाषा कच्ची असली तरी चालते.

दोष किती सांगावेत, हा नाजूक भाग आहे. माझं मत असं की समोरच्या सगळ्यांना जे ठाऊक आहे ते लपवू नये, आणि जे घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही ते तिथे पहिल्यांदा उघड करू नये. ज्याच्या वर्तनाचा त्रास ज्याला झाला, त्याच्या संमतीशिवाय तर नाहीच. मामाच्या मुलीने ते पान आधी मामीला वाचून दाखवलं होतं. एखाद्या घरात गेलेल्या माणसाने इतकं दुखवलेलं असतं की कुणालाच प्रेमाने काही म्हणता येत नाही. तिथे जबरदस्तीने गोड बोलायला लावणं हा त्या घरावर दुसरा अन्याय आहे. जन्म, गाव, काम, मागे कोण आहेत, एवढं वाचून थांबावं.

पुढाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. गावात ‘साहेब स्वतः आले होते’ याला किंमत आहे. सोसायटीचं कर्ज असतं, पोराच्या नोकरीचं असतं, बांधाचा वाद असतो. नवऱ्यामागे उभ्या राहिलेल्या बाईला चार वजनदार माणसं घाटावर दिसणं हा आधारही वाटतो. त्यांना येऊ नका म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण येणं आणि बोलणं या दोन गोष्टी आहेत. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच आलेल्यांची नावं एकदा आदराने घ्यावीत आणि सांगावं की घरच्यांच्या इच्छेनुसार आज फक्त त्यांची मुलगी बोलणार आहे, बाकी सर्वांनी शोकसंदेश लेखी द्यावेत. हे सांगायचं धाडस घरच्यांना त्या दिवशी होणार नाही. ते भावकीतल्या जाणत्या माणसाने, सरपंचाने, किंवा प्रवचनाला आलेल्या बुवांनी करायला हवं. बुवांचा शब्द अशा वेळी आमदारही मोडत नाही. आणि एखाद्या पुढाऱ्याने आपण होऊन ‘मी बोलणार नाही, वहिनींना बोलू द्या’ असं म्हटलं, तर त्या गावात ती प्रथा पडायला दुसऱ्या कुणाची गरज लागणार नाही.

घरातलं कुणीच बोलायला तयार नसेल, तर त्यांनी लिहिलेलं पान शेजाऱ्याने वाचावं. पानही नसेल तर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सभा संपवावी. मोकळी राहिलेली वेळ भरायला तिथे कुणाला उभं करू नये.